दिवाळीच्या ट्रिपसाठी नवा कॅमेरा: धनतेरसला नको, दसऱ्यालाच घ्या

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचं ते ठरलं, तिकिटं झाली, आणि आता घरात विषय निघालाय की जुना कॅमेरा पुरे झाला, या वेळी नवा घेऊनच जाऊ. आपल्या इंदूरला असं काही मोठं घ्यायचं म्हटलं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, थांबा जरा, पुष्य नक्षत्राला घेऊ नाहीतर धनतेरसला घेऊ, तेव्हा ऑफरपण असते आणि दिवसपण चांगला. सोनं घ्या, भांडी घ्या, फ्रिज घ्या, काही हरकत नाही, पण कॅमेरा मात्र धनतेरसला घेऊ नका. धनतेरस ते भाऊबीज मधे दिवस किती उरतात बघा, त्यातच फराळ, लक्ष्मीपूजन, पाडवा, पाहुणे, खोकं उघडून बॅटरी चार्जिंगला लावली की झालं तेवढंच, आणि भाऊबीज आटोपून तुम्ही गाडीत बसता. मग पहिला खरा फोटो काढायची वेळ येते ती एकदम मनालीला नाहीतर दापोलीच्या समुद्रावर, समोर सूर्य बुडतोय, मुलं पाण्यात पळतायत, आणि तुम्ही मेनूत शोधताय की फोकसची चौकट हलवायची कुठून.

दसऱ्याला घ्या. तो तर साडेतीन मुहूर्तांतला, ऑफर नवरात्रातच सुरू झालेल्या असतात, आणि दसरा ते दिवाळी जवळजवळ वीस दिवस हातात मिळतात. नवा कॅमेरा हाताला बसायला आणि त्यात काही खोट असेल तर ती वेळेत पकडायला एवढे दिवस लागतातच. मे महिन्यात जाणार असाल तर हाच हिशोब गुढीपाडव्याचा धरा. मुहूर्त कोणताही असो, निघायच्या आधी निदान दोन आठवडे कॅमेरा घरात पाहिजे, हे माझं ठाम मत आहे आणि पुढचं सगळं याच धाग्यावर लिहिलंय.

पण घ्यायच्या आधी एक संध्याकाळ जुन्या फोटोंना द्या. मागच्या ट्रिपचं फोल्डर उघडा, चांगले फोटो बाजूला ठेवा आणि बिघडलेले नीट बघा. संध्याकाळचे, देवळातले, हॉटेलातले फोटो हललेले आहेत का? मग बहुतेक वेळा दोष बॉडीचा (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याचा) नसतो, किट लेन्सचा, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर खोक्यातच येते त्या लेन्सचा असतो. १८-५५ एमएमची लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर येते (एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त, एमएमचा जेवढा लहान तेवढं दृश्य रुंद), तिच्याऐवजी ५० एमएमची एफ/१.८ लेन्स लावली तर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या भागावर, जवळजवळ दहापट उजेड पोचतो, आणि ती लेन्स नव्या बॉडीच्या मानाने कितीतरी स्वस्त पडते. लांबचे पक्षी, लांबची शिखरं फोटोत मुंगीएवढी आलीयत? मग टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स पाहिजे. आणि पळती मुलं, नाचणारी माणसं, नेमका चेहरा सोडून मागच्या झाडावर फोकस, असं परत परत दिसत असेल तर हो, तिथे नव्या बॉडीचा खरा उपयोग आहे, कारण आताचे मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले कॅमेरे डोळा ओळखून त्याच्यावरच फोकस धरून ठेवतात आणि आठ-दहा वर्षांपूर्वीच्या साध्या डीएसएलआरला, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्याला ते जमत नाही. फोटोची माहिती उघडली की कोणत्या एमएमवर काढलाय तेही कळतं, बहुतेक सगळे १८ वरच असतील तर तुम्हाला झूम नकोच आहे, वाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स पाहिजे. दुकानदार आधी बॉडीच दाखवतो, ते त्याचं कामच आहे, पण आपल्याला काय पाहिजे ते आपण घरून ठरवून गेलं पाहिजे.

बॉडी घ्यायचं ठरलंच तर जुन्यातलं काय काय चालणार ते आधी तपासा, खर्च इथेच वाढतो. कॅननचा जुना ईएफ माउंट (बॉडीवर लेन्स बसते ती खोबण) १९८७ चा, निकॉनचा एफ माउंट तर १९५९ चा, आणि दोघांनीही २०१८ मध्ये मिररलेससाठी नवे माउंट आणले, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड. जुन्या लेन्स नव्यावर सरळ बसत नाहीत, मधे जोडणारा अडॅप्टर लागतो. कॅननच्या अडॅप्टरवर ईएफ आणि ईएफ-एस लेन्सचा ऑटोफोकस चालतो. निकॉनचं मात्र बघून घ्या, त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरवर स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स चालतात पण जुन्या डी लेन्स, ज्यांना फोकससाठी बॉडीतली मोटर लागते, त्या हातानेच फोकस कराव्या लागतात. म्हणजे डी७२०० वर झकास चालणारी ५० एमएमची डी लेन्स झेडवर गेली की फोकसची रिंग तुम्हालाच फिरवायची, आणि पळत्या पोरांमागे ते होत नाही. बॅटरीचंही तसंच. कॅनन २०० डीची एलपी-ई१७ बॅटरी कॅननच्याच आर५० मध्ये चालते, पण १५०० डीची एलपी-ई१० चालत नाही. सोनी ए६४०० वरून ए६७०० वर गेलात तर माउंट तोच पण बॅटरी वेगळी, जुन्या दोन-तीन बॅटऱ्या साठवल्या असतील त्या जुन्या कॅमेऱ्यालाच राहणार.

बॅटरीवर थोडं जास्तच सांगते कारण डीएसएलआरवरून मिररलेसला जाणाऱ्याला पहिला झटका इथेच बसतो. निकॉन डी३५०० ची बॅटरी कंपनीच्या मोजणीने १५५० फोटो चालायची, लोक चार्जर न नेता दोन दिवस फिरून यायचे. मिररलेसमध्ये स्क्रीन नाहीतर व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) सतत चालू असतो, त्यामुळे छोट्या बॉड्यांचा आकडा तीनशेच्या आसपास येतो. म्हणजे ट्रिपला एक जास्तीची बॅटरी पाहिजेच, दोन असल्या तर निवांत. ओरिजिनल बॅटरी सणाच्या दिवसांत दुकानात लगेच मिळेलच असं नाही, मागवावी लागते, म्हणून कॅमेऱ्याबरोबरच सांगून ठेवा. आणि खोक्यात वेगळा चार्जर आहे का तेही बघा, हल्ली काही मॉडेलांत फक्त यूएसबी-सीने बॉडीतच चार्ज होतं, त्यातही काही बॉड्यांना पॉवर डिलिव्हरीवालाच, म्हणजे जास्त ताकदीचा चार्जर किंवा पॉवर बँक लागते, घरातला जुना मोबाइलचा चार्जर लावला तर रात्रभर काहीच होत नाही.

कार्ड जुनं नको. नवं घ्या, ६४ जीबीची दोन, एक मोठं घेण्यापेक्षा दोन बरी कारण एक बिघडलं तर निम्मी ट्रिप तरी वाचते. कार्डावर व्ही३० लिहिलेलं असू दे, म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी तरी लिहिलं जाणार, साध्या फोर-के व्हिडिओला ते पुरतं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात रॉ (सेन्सरवरची कच्ची फाइल) आणि जेपेग (नेहमीचा तयार फोटो) दोन्ही ठेवले तरी ६४ जीबीत दीड हजारांच्या वर फोटो बसतात. ओळखीच्या दुकानातून आणि बिलावर घ्या, नकली कार्ड हुबेहूब दिसतात. तपासायला एच-टू-टेस्ट-डब्ल्यू म्हणून फुकट प्रोग्रॅम आहे, तो पूर्ण कार्ड भरून परत वाचतो आणि खरी जागा किती ते सांगतो. तास-दीड तास लागतो पण करा.

रॉ काढणाऱ्यांनी अजून एक बघायचं. नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही. घरच्या कॉम्प्युटरवर लाइटरूम ६ सारखं फोटो सुधारायचं जुनं काही असेल तर ॲडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, तो नव्या फाइली जुन्यात उघडतील अशा बदलून देतो, तो घालून ठेवा आणि एक फाइल उघडून बघा, ट्रिपहून आल्यावर हजार फाइली घेऊन बसायची वेळ नको. हे काम अर्ध्या तासाचं आहे.

दुकानात बिल पक्कं घ्या. कॅमेऱ्यावर जीएसटी १८ टक्के आहे (१ जानेवारी २०१९ च्या आधी २८ होता), त्यामुळे "बिल नको असेल तर कमी करतो" हे वाक्य मोहात पाडतं, पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, विमा नाही, आणि परदेशात नेलात तर परत येताना कस्टम्सला हा आधीचाच आहे हे दाखवायला कागद नाही. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तिथेच खोक्यावरच्या आणि कॅमेऱ्याखालच्या नंबरशी ताडून बघा. वॉरंटी भारतातलीच आहे ना ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बदलून द्यायची मुदत किती दिवसांची? बहुतेक ठिकाणी सात-दहा दिवसांचीच असते आणि त्यानंतर सर्व्हिस सेंटरच दाखवतात. म्हणून तर म्हणते की दसऱ्याला घ्या, कारण खोट निघाली तर बदललेला कॅमेरापण दिवाळीआधी हातात आला पाहिजे ना.

दसऱ्याला घरी पूजा झाली, कॅमेऱ्याला झेंडूचं फूल आणि हळदकुंकू लागलं (कुंकू बॉडीवर बोटाने हलकंच, लेन्सच्या काचेजवळ आणि बटणांच्या फटीत अजिबात नको), की बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि त्याच आठवड्यात खोट शोधायची कामं उरका. लेन्सचं झाकण लावून अंधारात दोन-चार फोटो काढा, नेहमीच्या स्पीडला, आणि कॉम्प्युटरवर मोठे करून बघा, पांढरे-लाल ठिपके प्रत्येक फोटोत त्याच जागी दिसले तर दुकानात दाखवा. लांब एक्स्पोजरला, म्हणजे कित्येक सेकंदांच्या, थोडे ठिपके येणं चालतं, त्याला घाबरू नका. मग एफ/१६ वर मोकळ्या आभाळाचा फोटो, त्यात काळे धूसर डाग म्हणजे सेन्सरवर धूळ. मग लेन्स. विटांची एखादी सपाट भिंत शोधा, कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरा, एफ/५.६ वर फोटो काढा आणि चारही कोपरे बघा. सगळे कोपरे मधल्यापेक्षा जरा मऊ असणं साहजिक आहे, पण डावी बाजू स्पष्ट आणि उजवी पुसट असेल तर लेन्समधली काच तिरकी बसलीय, अशी लेन्स बदलूनच घ्यायची. फ्लॅश, व्हिडिओतला आवाज, सगळी बटणं, फिरणारी स्क्रीन, कार्डाचं झाकण, सगळं एकदा हाताखालून जाऊ द्या. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवीन आलं असेल तर तेही याच आठवड्यात टाका, बॅटरी पूर्ण भरलेली असताना. निघायच्या आदल्या रात्री फर्मवेअरला हातसुद्धा लावू नका.

आता सेटिंग. सगळा मेनू वाचायची गरज नाही, चार-पाच गोष्टी लावून घ्या आणि बाकीचं विसरा. व्ह्यूफाइंडरशेजारी एक बारीक चाक असतं, चष्मा लावून बघणार असाल तर चष्मा लावून, नाहीतर तसंच, आतली अक्षरं स्पष्ट दिसेपर्यंत ते फिरवा, खूप जणांना हे चाक आहे हेच माहीत नसतं आणि मग व्ह्यूफाइंडर धूसर आहे म्हणून कॅमेऱ्याला नावं ठेवतात. तारीख-वेळ नीट लावा, सकाळ-संध्याकाळची (एएम-पीएमची) गडबड न करता, आणि जुना कॅमेरा बरोबर नेणार असाल तर दोघांची घड्याळं मिनिटाला मिनिट जुळवा म्हणजे नंतर सगळे फोटो एका ओळीत लागतात. आयएसओ, म्हणजे कमी उजेडात फोटो उजळ करायचा आकडा, ऑटोवर ठेवा, वरची मर्यादा ६४००, आणि कमीत कमी शटर स्पीड (फोटो टिपायला लागणारा सेकंदाचा भाग) ठरवायची सोय असेल तर १/१२५, मुलं असतील तर १/२५०. थोडा दाणेदार फोटो चालतो, हललेल्या फोटोला इलाज नाही. फोकस सतत धरणाऱ्या मोडवर, कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात, बाकी ठिकाणी एएफ-सी, आणि डोळा ओळखायचं चालू. व्हिडिओसाठी मेनूतली पाल (पीएएल) पद्धत निवडा, २५ फ्रेम, शटर १/५०, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि दुसरं काही ठेवलं तर ट्यूबलाइटखाली व्हिडिओत पट्टे फिरायला लागतात.

तोच पट्ट्यांचा त्रास फोटोतही होतो आणि दिवाळीत तर हमखास होणार, कारण सगळीकडे एलईडीच्या माळा. नव्या मिररलेसमध्ये सायलेंट शटर असतं, आवाज येत नाही म्हणून लोकांना फार आवडतं, पण ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, तेवढ्यात दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो आणि फोटोत काळ्या आडव्या पट्ट्या उमटतात. म्हणून घरात, बाजारात, रात्री कुठेही सायलेंट शटर बंद ठेवा, अँटी-फ्लिकर म्हणून सेटिंग असेल तर चालू करा, तरी पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा.

एवढं झालं की घरात बसून वाचणं बास. हाताला सवय बाहेर फिरूनच होते, आणि इंदूरसारखं गाव यासाठी मिळणं भाग्यच म्हणायचं, कारण ट्रिपमध्ये जे जे समोर येणार ते सगळं इथे दोन-चार किलोमीटरात हजर आहे.

दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी. गच्चीवर दूध आटतंय, सगळे जमलेत, तिथे दोन गोष्टी शिकून घ्या. चंद्र टिपायचा तर ऑटोवर तो पांढरा गोळाच येतो कारण कॅमेरा काळ्या आभाळाकडे बघून उजेड वाढवतो, मॅन्युअलवर जा, आयएसओ २००, एफ/११, शटर १/२००, आणि टेलिफोटो असेल तर चंद्रावरचे डाग दिसायला लागतात. मग त्याच गच्चीवर घरच्यांचे फोटो काढा, एका बल्बच्या उजेडात, फ्लॅश न उडवता, म्हणजे तुमचा कॅमेरा ६४०० ला कसा दिसतो, १२८०० ला कसा दिसतो ते आपल्याच माणसांच्या चेहऱ्यांवर कळेल. कोणता आकडा तुम्हाला चालतो तो लक्षात ठेवा, दुसऱ्याने सांगितलेला नको.

मग सराफा. रात्री नऊ-दहाच्या पुढे, सोन्याची दुकानं बंद होऊन खाण्याच्या गाड्या लागल्या की जा. कमी उजेड, पिवळ्या-पांढऱ्या दिव्यांची मिसळ, वाफ, धक्के मारणारी गर्दी, याच्यापेक्षा कठीण परीक्षा कुठल्याही हिल स्टेशनच्या माल रोडवर होणार नाही. दहीबडा हवेत उडवतात तिथे उभे राहा, द्रोण वर जातो तो क्षण गोठवायला १/५०० लागतो, आयएसओ आपोआप चढू द्या, आणि एकेक फोटो न काढता बर्स्टवर, म्हणजे सलग फोटोंवर ठेवून बघा की कॅमेरा किती वेगाने आणि किती वेळ दम धरतो, कार्ड मंद असेल तर इथेच अडखळताना दिसेल. जिलेबीच्या कढईजवळ उलटं करा, शटर १/१५ वर आणा, कोपर छातीला टेकवा, श्वास रोखा, कारागिराचा हात फिरताना पुसट आणि कढई स्पष्ट आली तर तुमच्या कॅमेऱ्याचं किंवा लेन्सचं, हाताचं हलणं सावरणारं स्टॅबिलायझेशन नीट काम करतंय. भुट्ट्याच्या किसाचा फोटो काढताना रंग नीट बघा, ऑटो व्हाइट बॅलन्सवर (रंगांचा तोल कॅमेऱ्यावर सोडल्यावर) तो फारच पिवळा आला तर टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या सेटिंगवर टाकून फरक बघा. मधेमधे खाऊनही घ्या, गराडू (तळलेला कंद) आले असतील तर सोडू नका.

सराफ्याला लागूनच राजवाडा. तो मात्र भल्या सकाळी, गाड्यांची वर्दळ सुरू व्हायच्या आत. सात मजले, खालचे तीन दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे, एवढा उंच दर्शनी भाग एका चौकटीत घ्यायचा तर कॅमेरा वर उचलावा लागतो आणि मग भिंती आत झुकलेल्या दिसतात, ट्रिपमध्ये प्रत्येक किल्ल्याला, प्रत्येक देवळाला हेच होणार. इथे शिकून घ्या की मागे सरकून, कॅमेरा सरळ धरून, खाली जास्त जमीन ठेवून काढला तर उभ्या रेषा उभ्याच राहतात आणि खालचं नंतर कापता येतं. स्क्रीनवर जाळी आणि लेव्हल दाखवायची सोय असते ती चालू करा. तिथून चालत कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, दगडी खांब आणि त्यांच्यातून येणारा तिरका उजेड, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे फोटो जास्त-कमी उजळ करायचं चाक न बघता फिरवायचा सराव करा. मिररलेसमध्ये फोटो किती उजळ येणार ते व्ह्यूफाइंडरमध्ये आधीच दिसतं, हे डीएसएलआरवाल्यांना नवीन आहे आणि फार सुखाचं आहे.

पक्षी, जनावरं, जंगल असं काही ट्रिपमध्ये असेल तर एक सकाळ सिरपूर तलावाला द्या. हा तलाव आणि आपलाच यशवंत सागर, दोन्हींना २०२२ मध्ये रामसर साइटचा, म्हणजे जगभरात महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय. उडणारा बगळा टेलिफोटोने धरणं पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही, १/१००० च्या वर शटर, सतत फोकस, आणि हात पक्ष्याबरोबर फिरता ठेवून बटण दाबायचं, फोटो झाल्यावरसुद्धा हात लगेच थांबवायचा नाही.

निकॉनवरून कॅननला किंवा कॅननवरून निकॉनला जाणाऱ्यांना एक गोष्ट फार दिवस छळते, दोघांच्या झूमच्या रिंगा उलट्या दिशेने फिरतात आणि लेन्स बसवायची दिशापण उलटी. डोक्याला कळतं पण हाताला कळत नाही. रोज रात्री टीव्ही बघताना अंधारात लेन्स काढा-लावा, झूम करा, फोकसची चौकट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्या, बटणांकडे न बघता. मिररलेसमध्ये लेन्स काढली की बऱ्याच बॉड्यांत सेन्सर समोर उघडाच असतो, म्हणून आधी स्विच बंद, तोंड खाली, आणि दुसरी लेन्स हातात तयार, ही सवयसुद्धा याच दिवसांत लागली पाहिजे.

दिवाळीच्या आधीचा एखादा रविवार मात्र पूर्ण द्या. मांडू किंवा महेश्वर, दोन्ही शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, सकाळी निघून रात्री घरी. ट्रिपला जी बॅग नेणार तीच बॅग, तेच पट्टे, तेवढ्याच बॅटऱ्या, घरचे सगळे बरोबर. पाऊस नुकताच संपलेला असतो, मांडू अजून हिरवं असतं, जहाज महालाच्या आत अंधार आणि कमानीबाहेर लख्ख ऊन, तिथे चेहरा धरला तर आभाळ जळतं आणि आभाळ धरलं तर माणूस काळा होतो, दोन्ही काढून बघा, रॉमध्ये सावलीतून किती परत येतं ते घरी येऊन तपासा. संध्याकाळी रूपमती मंडप. ट्रायपॉड मात्र पुरातत्त्व खात्याच्या जागी परवानगीशिवाय लावू देत नाहीत, तेव्हा हातानेच काढायची तयारी ठेवा. महेश्वरला गेलात तर घाटावर नावा, पाण्यावरची चमक, विणकरांच्या मागावरचे रंग. पण त्या दिवसाचं खरं काम हे की दिवसभरात किती बॅटऱ्या संपल्या, कार्ड किती भरलं, बॅगेचा पट्टा खांद्याला कुठे टोचला आणि कोणती लेन्स बाहेर काढलीच नाही ते बघायचं. जी लेन्स मांडूला बाहेर आली नाही ती मनालीलाही बाहेर येणार नाही, घरी ठेवा.

लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपर्यंत हात तयार झालेला असतो. पणतीच्या उजेडातल्या चेहऱ्याला एफ/१.८, १/१००, आयएसओ ३२०० च्या आसपास. आभाळातल्या आतषबाजीला कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, एफ/११, शटर दोन ते चार सेकंद.

आणि हे वाचताय तोवर दसरा निघूनच गेला असेल, निघायला आठवडाही नसेल तर? तर मी सांगेन जुनाच न्या आणि नवा परत आल्यावर घ्या, दिवाळीनंतरही ऑफर येतच असतात. फारच वाटत असेल तर त्याच कंपनीची, जुन्या बॉडीला बसणारी एखादी उजेडाची लेन्स घ्या, ती शिकायला काही वेळ लागत नाही. एखादी खास लेन्स फक्त या ट्रिपपुरती पाहिजे असेल तर लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे भाड्याने विचारा. आणि घेऊनच झाला असेल नवा, तर तो न्या पण जुनापण बरोबर असू दे, नव्यावर पहिले दोन दिवस प्रोग्रॅम मोड (उजेडाचा हिशोब कॅमेराच करतो) आणि जेपेग, एवढंच. खरं तर वीस दिवस मिळालेल्यांनीही जुना कॅमेरा एक्स्चेंजमध्ये लगेच देऊ नये असं मला वाटतं, ट्रिपहून आल्यावर द्या. नव्यावर वाइड आणि जुन्यावर टेलिफोटो लावून ठेवली की धुळीत, समुद्रावर लेन्स बदलायची वेळच येत नाही, शिवाय घरातल्या दुसऱ्या कोणालातरी फोटो काढता येतात, नाहीतर कॅमेरा धरणारी व्यक्ती एकाही फोटोत नसते.

पॅकिंग करताना कोकणात जाणाऱ्यांनी मऊ कापडं जास्त घ्या, खाऱ्या हवेचा थर रोज रात्री किंचित ओल्या कापडाने पुसायचा आणि वाळूवर लेन्स अजिबात उघडायची नाही. थंडीत जाणाऱ्यांनी जास्तीची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायची, थंडीत ती लवकर मान टाकते पण ऊब मिळाली की थोडी परत चालते. बाहेरच्या गारठ्यातून हीटरच्या खोलीत शिरताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि तासभर तसाच राहू द्या, पाणी पिशवीवर जमेल, लेन्सच्या आत नाही. विमानाने जाणार असाल तर जास्तीच्या बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून किंवा त्यांच्या डबीत. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या १०० वॉट-अवरच्या मर्यादेच्या खूप खाली असतात, एलपी-ई१७ तर साडेसातचीच, त्यामुळे वेगळी परवानगी लागत नाही. रोज रात्री कार्ड लॅपटॉपवर नाहीतर यूएसबी-सी रीडर लावून फोनमार्गे छोट्या एसएसडी डिस्कवर उतरवा, आणि घरी येऊन दोन जागी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. फॉरमॅट करायचं तेही कॉम्प्युटरवर नको, कॅमेऱ्यातच करा.